तीन मतं आणि पंधरा वर्षं

१७ जून, मंगळवार

फीची नोटीस लागली. बी.एड.चं दुसरं वर्ष, सगळी रक्कम एकदम, हप्ते नाहीत. फलकापाशी घोळका होता म्हणून मागून टाचा उंचावून वाचली. दोन हंगाम मांद्र्याला गेस्ट हाऊसच्या काउंटरवर बसून जे साठवलं होतं ते पहिल्या वर्षी कॉलेजला वाहून झालं. आता हातात एम.ए. इतिहास आहे, तेही पहिल्या वर्गात. त्याचं काय लोणचं घालायचं?

घरी सांगितलं नाही. आई पेज वाढत होती, पप्पा व्हॅनच्या टायरबद्दल बोलत होते. उद्या सांगेन.

१८ जून

नाही सांगितलं.

२० जून, शुक्रवार

सराव पाठ. इयत्ता नववी, नागरिकशास्त्र, घटक मतदान. गणवेशाची साडी नेसून डिचोलीहून बसमध्ये उभ्यानं. शाळेत पोचेपर्यंत निऱ्या अर्ध्या सुटलेल्या. मागच्या बाकावर मार्गदर्शक मॅडम वही उघडून बसलेल्या, त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनसुद्धा तीनदा बघितलं.

पाठ टाचणात प्रस्तावना म्हणून लिहिलं होतं: छात्राध्यापिका स्वतःच्या पहिल्या मतदानाचा अनुभव सांगेल. सांगितला. दोडामार्गाकडचं आमचं गाव, सकाळी सातची रांग, माझ्या पुढे काठी टेकत आलेली म्हातारी, बोटावरची शाई, ती जाऊ नये म्हणून मी दोन दिवस डाव्या हातानं भांडीसुद्धा घासली नव्हती. वर्ग गप्प झाला. एरवी हाच वर्ग बाजार असतो. एका मुलीनं विचारलं, टीचर, शाई कितले दीस रावता? मग त्यावरच दहा मिनिटं गेली आणि फळ्यावरचं लेखन राहून गेलं.

मॅडमनी लाल शाईत लिहिलं: स्वानुभवाचा उत्तम उपयोग. खाली सही.

खूप महिन्यांनी वाटलं, हे मला येतं. दुसरं काही येत नसेल, हे येतं.

२२ जून

फीचं घरी सांगून टाकलं. पप्पा म्हणाले, बघूया. खाणी बंद पडून त्यांचा खनिजाचा ट्रक गेला तेव्हाही ते बघूयाच म्हणाले होते. आता ते किनाऱ्यावरच्या गेस्ट हाऊसेसच्या चादरी धुवायला नेणारी व्हॅन चालवतात, आणि पावसाळ्यात गेस्ट हाऊसेस रिकामी. आईनं भात जरा जास्त वाढला.

२४ जून, मंगळवार

शर्वाणीनं बातमी आणली. (शर्वाणी माझ्याच तुकडीत, इब्रामपूरची. काजूच्या बागा, अंगणात दोन गाड्या. पण जीव लावते.) पदव्युत्तर होऊन बी.एड. करणाऱ्यांना, घरचं उत्पन्न कमी असेल तर, सरकारकडून शुल्कसाहाय्य मिळतं. जवळजवळ सगळी फी. गेल्या वर्षी मला हे माहीतच नव्हतं. इतिहासात एम.ए., आणि डोळ्यांसमोरचं दिसत नाही.

कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी यादी दिली. त्या चांगल्या आहेत. म्हणाल्या, चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार, आठ सप्टेंबर. तोवर सगळे कागद लावून अर्ज आणलास तर फीसाठी थांबू. नाही आणलास तर नाव पटावरून जाईल, ते माझ्या हातात नाही.

यादी साधी आहे. गुणपत्रिका आहेत, पासबुक आहे, उत्पन्नाचा दाखला मिळेल. एकच नवीन: गोव्यात सलग पंधरा वर्षं राहिल्याचा रहिवासी दाखला. यापुढे र.दा. लिहीन. एकवीस वर्षं राहतेय इथं, पंधराचं काय घेऊन बसलात.

२९ जून, रविवार

घरमालकीण सरोजताईंकडे गेले. आमच्या दोन खोल्या त्यांच्याच घराच्या मागच्या अंगाला आहेत. मी तीन वर्षांची असल्यापासून. त्यांच्याच जनेलात, खिडकीत बसून मी मुळाक्षरं गिरवली. म्हटलं, ताई, एवढंच लिहून द्या की आम्ही इतकी वर्षं इथं राहतो.

त्यांनी चहा दिला, पावाबरोबर लोणी दिलं, पण कागद नाही. "कोणय विचारूंक आयलो जाल्यार तोंडान सांगतां. बरोवन मात दिवचें ना हां बाय." घरी येऊन पप्पांना विचारलं तेव्हा कळलं की आम्हाला कधी भाड्याची पावतीसुद्धा मिळालेली नाही. त्यांचं भय एकच: आम्ही कागदावर आलो की उद्या त्यांचे मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत राहणारं कूळ होऊ, आणि मुंडकाराला घरातून काढता येत नाही, कायदाच तसा आहे. पप्पा म्हणाले, तिची काय चूक, तिच्या सासऱ्याची अर्धी बाग तशीच गेली.

बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर असतं.

३ जुलै, गुरुवार

आज जो गाढवपणा केला तो इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी विचारलं तर दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.

मामलेदार कचेरीत र.दा.चा अर्ज दिला होता, त्याची चौकशी तलाठ्याकडे आलेली. तलाठी वयस्कर, सौम्य. बालवाडीपासूनचे शाळेचे दाखले बघून म्हणाले, बेस आहे, घरमालकिणीला मी तोंडी विचारतो, भागेल. शेवटी सहज विचारलं, मतदार कार्ड आसा? मी पिशवीतून काढून दिलं. अभिमानानं दिलं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं पान उलटलं असतं.

त्यांनी कार्ड उलटंसुलटं केलं. चष्मा काढला.

"हें म्हाराष्ट्रांतलें. यादीत तुजें नांव थंय. मागीर तूं हांगा रावता म्हूण हांव कशें बरोवं?"

नाव तिकडच्या यादीत असताना मी इथं राहते असं ते कसं लिहिणार? रागावून नाही बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

४ जुलै

ते नाव तिथं कसं गेलं ते.

मला एकविसावं लागलं त्या वर्षी गावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि पप्पांचे थोरले भाऊ, नानाकाका, उभे होते. आमच्या वाड्यात मतं मोजून ठेवलेली. पप्पा-आईची नावं गावच्या यादीत पहिल्यापासून आहेतच, पप्पांनी कधी काढली नाहीत. नाव काढलं तर भावकी म्हणणार, हा गोव्याचा झाला, घरातला आणि गणपतीतला वाटा सोडला. काका फॉर्म घेऊन स्वतः डिचोलीला आले, पप्पांनी माझ्या वतीनं भरला, मी सही केली. मला कुणी फसवलं नाही. उलट नवा ड्रेस शिवला.

काका दोन मतांनी निवडून आले. आम्ही तिघं. म्हणजे आमच्यामुळेच आले, हे ते स्वतः अजून सांगतात. मी शाई लागलेल्या बोटाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता.

आमच्याकडच्या निम्म्या घरांची हीच गत असेल. पोट इकडे, नाव तिकडे. आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

१० जुलै, गुरुवार

तलाठ्यांना पुन्हा भेटले. विचारलं, नाव इकडे हलवलं तर? म्हणाले, खुशाल हलव, पण पंधरा वर्षं मग आजपासून मोजणार.

आजपासून पंधरा म्हणजे मी एकोणचाळीस. आणि हा कागद एकट्या फीपुरता नाही, उद्या सरकारी शाळेत अर्ज करायचा तर हाच लागतो. म्हणजे फी कुठून तरी आणली, बी.एड. झाले, तरी दार बंदच. हे आजवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कचेरीच्या जिन्यात बसून रडले. एक बाई थांबून म्हणाली, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही.

जाताना तलाठ्यांनी एक वाट सांगितली. गावच्या पंचायतीनं लेखी दिलं की हे कुटुंब इथं राहत नाही आणि गेल्या पंधरा वर्षांत राहत नव्हतं, तर ते अहवालाला जोडता येईल. खरं तेच तर लिहायचंय.

आणि पंचायतीत आपलेच काका आहेत. आशा वाटली. ती वाटू द्यायला नको होती.

१६ जुलै

पप्पांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा एवढं. मी म्हटलं, वर्षातले पाच दिवस ज्या घरात जाता त्याच्यासाठी तीनशे साठ दिवसांचं घर घालवलंत. ते जेवत होते. ताट अर्ध्यावर ठेवून उठले, हात धुतले, बाहेर व्हॅनमध्ये जाऊन बसले. आई म्हणाली, "बापाशीक असा बोलूचा नाय गो." मग तिनं ते ताट झाकून ठेवलं.

चूक माझीही तितकीच. सही माझी आहे.

२५ जुलै, शुक्रवार

शर्वाणीचा र.दा. आला. नऊ दिवसांत. तिला साहाय्य नको आहे, पुढं नोकरीला लागेल म्हणून आताच करून ठेवला. कागद दाखवताना तिचा चेहरा पडला, माझ्याकडे बघून. मग म्हणाली, माझे बाबा भरतील गं तुझी फी, नोकरी लागल्यावर दे.

नको म्हटलं. कुठली नोकरी? तेच तर अडलंय. पण खरं कारण ते नव्हतं. मला तिचा मत्सर वाटला, इतका की तिचा हात झटकावासा वाटला. तिनं काय केलं होतं? आजोबा जिथे जन्मले तिथेच ती जन्मली, एवढंच. माझी आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, सगळ्यांच्या आया जातात तशी, आणि तिचं माहेर नदीपलीकडे, महाराष्ट्रात पडलं. म्हणून जन्माचा दाखलाही तिकडचाच.

३० जुलै

पप्पा आणि मी अजून नीट बोलत नाही. सकाळी त्यांनी माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून आणून दाराशी ठेवला होता. मी घालून गेले.

६ ऑगस्ट, बुधवार

वाळपईहून फोन. एका खाजगी क्लासला इतिहास शिकवायला कुणीतरी हवं आहे, बी.एड. नसलं तरी चालेल, तासांवर पैसे, उद्यापासून या. आई म्हणाली, घे. एवढी शिकलीस ते पुरे झालं. तिच्या आवाजात कंटाळा नव्हता, दमणूक होती.

कॉलेज सोडल्याशिवाय जमणार नाही. दिवसभर शाळेत सराव, त्याचा एक पैसा मिळत नाही, वर तक्त्यांचे कागद, स्केच पेनं, बसभाडं आपलंच. शिकवायला शिकायचं तर आधी कुणीतरी पोसावं लागतं, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या एकाही पुस्तकात नाही. तीन थोरांच्या व्याख्या पाठ आहेत माझ्या.

चवथीपर्यंत थांबा म्हटलं. ते म्हणाले, बघतो.

१४ ऑगस्ट

बघतो म्हणणाऱ्यांनी दुसरं कुणी बघितलं. वाळपई संपलं.

आज वर्गात फळ्यावर तारीख घालताना मनात आकडे मोजत होते, आठ सप्टेंबरला किती उरले. खडू मोडला. मुलं हसली. मीही हसले, हे मात्र आता बरं जमतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार, गावी

उद्या चवथ. सकाळी व्हॅननं आलो. चादरींच्या गाठोड्यांच्या जागी नारळ, फटाके, आईनं केलेल्या नेवऱ्यांचा डबा. वाटेत पप्पांना म्हटलं, काकांशी तुम्ही बोला. ते हो म्हणाले. दिवसभर बोलले नाहीत.

शेवटी मीच बोलले. काका स्टुलावर उभे राहून माटोळी बांधत होते, गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट. दर वर्षी खालून एकेक वस्तू देण्याचं काम माझं. सुपाऱ्यांचा घोस देताना फीचं सांगितलं, नारळाची पेंड देताना कागदाचं सांगितलं. त्यांनी बांधणं थांबवलं नाही. नीट ऐकून घेतलं. मग खाली बघून बोलले.

"बाय, तसा लिवन दिलंय तर तो समोरचो उद्या कोर्टात जातलो. दोन मतांनी इलंय मी. तुमी हयसर रवणास नाय म्हटला, म्हणजे तीन मतां खोटी. मगे मी कोण?"

त्यांचं गणित बरोबर होतं. थोड्या वेळानं ते जरा मऊ होऊन म्हणाले, "आज ना उद्या तुझा लगीन होतला. मगे नाव आपसूक जातला. तवसर धीर धर."

पप्पा तिथेच खाली बसून समई घासत होते. चिंच लावून, तीच ती जागा परत परत. त्यांनी मान वर केली नाही. मला काकांचा राग आला नाही, पप्पांचा आला. आणि मग तोही ओसरला, कारण त्या घरात ते धाकटे आहेत आणि धाकटेच राहणार, हे मला त्यांच्या पाठीवरूनच दिसलं.

काकांनी वरून हात पुढे केला. मी पुढची वस्तू दिली.

२९ ऑगस्ट

आरतीला उभी राहिले, झांज वाजवली. काही मागितलं नाही. काय मागायचं ते नीट शब्दांत बसेना.

३१ ऑगस्ट, रविवार

पाचव्या दिवसाचं विसर्जन करून परतलो. सरोजताईंनी हळदीच्या पानातल्या पातोळ्या झाकून ठेवल्या होत्या आमच्यासाठी, मुद्दाम. तलाठी येऊन गेल्याचं म्हणाल्या. ताईंनी त्यांना तोंडी सांगितलं, पोरगी एवढीशी असल्यापासून इथं आहे म्हणून. आणखी काय सांगू, असं मलाच विचारलं. मी पातोळी खाल्ली.

२ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमनी बोलावलं. आदर्श पाठासाठी माझं नाव दिलंय. पहिल्या वर्षाच्या मुलींना दाखवायचा पाठ, मतदानाचाच, तीच प्रस्तावना ठेव म्हणाल्या. सोमवारी, साडेबाराला. सोमवार म्हणजे आठ तारीख.

त्यांना फीचं काही माहीत नाही. सांगणार होते. त्या इतक्या खूश होत्या की जमलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेले. तिसरी वाट शर्वाणीच्या मामानं सांगितली: प्रतिज्ञापत्र. नोटरीसमोर सही करायची, कचेरीत जोडायचं. टायपिस्टनं सगळं ऐकलंही नाही, दोन ओळींतच त्याला कळलं. अशी पुष्कळ येतात म्हणाला. इंग्रजीत टाइप करून हातात दिलं. मराठीत असं होतं:

माझे नाव माझ्या वडिलांनी व नातेवाइकांनी माझ्या नकळत व संमतीशिवाय तेथील मतदार यादीत घातले. मी त्या गावी कधीही राहिले नाही. मी तेथे कधीही मतदान केलेले नाही.

तीन वाक्यं. मधलं खरं आहे.

मी म्हटलं, पण मी मत दिलंय. तो पुढच्या माणसाचा कागद मशीनला लावत होता. "सगळे अशेंच बरयतात बाय. सोमवारी धा वाजता नोटरी येतलो."

घेऊन आले. पाठ टाचणाच्या फाईलमध्येच ठेवलं, चुरगळू नये म्हणून. पिशवीत दुसरं काही कडक नव्हतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. नववीच्या मुलींनी फुलं दिली. छात्राध्यापिकेला द्यायचं की नाही यावर त्यांच्यात आधी वाद झाला म्हणे, मग शाईवाल्या टीचरला द्यायचं ठरलं. मला तेच नाव पडलंय, शाईवाली टीचर.

संध्याकाळी कागद पप्पांना वाचून दाखवला. त्यांना इंग्रजी येत नाही, मी मराठीत सांगितलं. पहिल्या वाक्याला वाटलं ते दुखावतील. ते म्हणाले, "लिव. बापाशीन घातल्यान म्हणान लिव. नाव मीच घातलंय, तेच्यात खोटा काय?"

माझ्या नकळत नाही पण, मी म्हटलं. आणि मत?

आई भाजी चिरताना म्हणाली, तुला किती आवडलं होतं ते, फोटो काढला होतास ना. मग तिला कळलं आपण काय बोललो ते, आणि ती उठून आत गेली.

पप्पा म्हणाले, तलाठी मला बोलावू दे, मी सांगेन, पोरीला काही माहीत नव्हतं. "माझा आता काय जावचा आसा?" हे ते इतक्या सहज बोलले की मला त्यांच्यासमोर बसवेना. इतकी वर्षं ज्या नावासाठी भाऊबंदांपुढे मान खाली घालून समया घासल्या, ते नाव ते माझ्यासाठी लबाडीत लिहून द्यायला निघालेत. आणि मी त्यांच्याशी भांडले होते.

६ सप्टेंबर

सही केली तर: प्रतिज्ञापत्र कचेरीत जोडल्याची पोच मिळते, र.दा. येईपर्यंत ती चालेल असं ऑफिसातल्या बाई म्हणाल्या आहेत, म्हणजे अर्ज पुरा होतो. पुढं मामलेदार साहेब कागद मानतील का, माहीत नाही. मानला तर वर्ष निभेल, पुढची दारं उघडतील, आणि मी खोट्या शपथेवर मुलांना नागरिकशास्त्र शिकवीन. उद्या काकांच्या समोरच्या माणसाला हा कागद सापडला तर पप्पा अडकतील, काका अडकतील, मीही.

नाही केली तर: सोमवारी संध्याकाळी पटावरून नाव जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा फी, पुन्हा हाच कागद.

विचारलं कुणाला तर जो तो म्हणतो, एवढ्याशा सहीचं काय. खरंच एवढीशी आहे. मला तरीही ती शाई आठवते. नखाच्या कडेला महिनाभर होती. ज्या दिवशी पूर्ण गेली त्या दिवशी वाईट वाटलं होतं, हेही आठवतं.

एखाद्या परक्या बाईनं हे केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. स्वतःला का देता येत नाही, मोकळीक?

७ सप्टेंबर, रविवार

गणवेशाची साडी धुतली. पावसानं वाळेना, म्हणून आईनं इस्त्री तापवून ओलीच सुकवली. खडू, तक्ता, मतदानयंत्राचं पुठ्ठ्याचं नमुनाचित्र. फाईल उघडली तर एका बाजूला मॅडमची लाल शाई, स्वानुभवाचा उत्तम उपयोग. दुसऱ्या बाजूला टायपिस्टचा कागद, खाली सहीसाठी सोडलेली रेघ. दोन्ही कागदांवर नाव माझंच. कुठलाही एक काढून ठेवायचा प्रयत्न केला, मग दोन्ही परत ठेवले.

शर्वाणीचा मेसेज आला, उद्या पुढच्या बाकावर बसेन, घाबरू नको. तिला वाटतंय मी पाठाला घाबरतेय.

नानाकाकांचाही फोन येऊन गेला. पप्पांनी घेतला. आवाज मोठा, मला इथपर्यंत ऐकू येत होता. निवडणूक जाहीर होणार म्हणे, सगळ्यांनी यायचं, गाडी पाठवतो. पप्पांनी बघूया म्हटलं. या वेळी त्यांच्या बघूयात हो नव्हतं, तेवढं मला कळलं. पण नाहीसुद्धा नव्हतं.

दहाला नोटरी, कोर्टाकडे. साडेबाराला पाठ, शाळेत. दहाला कोर्टाकडे गेले तरी पाठाला पोचेन. वेळेची अडचण नाही. ती असती तर बरं झालं असतं, आपोआप सुटलं असतं.

आत्ता पप्पा दाराशी येऊन गेले. उद्या व्हॅन रिकामीच आहे, बसनं जाऊ नको, साडी चुरगळेल, मी सोडतो म्हणाले. मी बरं म्हटलं. जाता जाता वळले, माझ्याकडे नाही, फाईलकडे बघून विचारलं.

"सकाळी पयला खंय सोडू तुका? कोर्टाकडे की शाळेत?"

मी म्हटलं, सकाळी सांगते.